अंड्यातला एसी

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. (डोळे मिटून वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे, एकतीस वर्षं शिकवल्यावर माणसाला एवढं कळतं. तेव्हा एकच डोळा मिटा.)

कल्पना करा, तुम्ही एका मोठ्या पांढऱ्या अंड्यात बसला आहात. अंडं फायबरचं आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, खाली दोन चाकं आणि पुढे जीपला जोडायचा दांडा. आत एक पलंग, एक फळी, डावीकडे एक खिडकी, उजवीकडे एक खिडकी, मागे दार. महिना मे, गाव तळवडे, वेळ दुपारी दोनची. माणूस ज्या वस्तूच्या आत बसतो ती वस्तू उन्हात तापते आणि ती तापली की माणूसही तापतो, हे मानवजातीचं फार जुनं आणि गंभीर सत्य आहे. तुम्हालाही आता उकडायला लागलं असेल. उत्तम. आरामात बसा, अंडं तुमचंच समजा. तोवर आम्ही या सत्याचं काय केलं, ते मी सांगतो.

मी चाकणकडच्या एका कंपनीत शिकाऊ कामगारांना शिकवत होतो. कोणतंही काम कसं करायचं, हे मी हजारो पोरांना शिकवलं. ते काम करायचं की नाही, हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

त्या पोरांपैकी एक शेखर. तळवड्यात त्याची फायबरची शेड आहे. पाण्याच्या टाक्या आणि वॉचमनच्या केबिन बनवतो. एका कंपनीने त्याच्याकडून गोल केबिन मागवली. केबिन तयार होईपर्यंत तिथले साहेब बदलले आणि नव्या साहेबांना चौकोन आवडत होता. शेखरने ती गोल केबिन आडवी केली, चाकं लावली आणि मला म्हणाला, "सर, फिरायला घेऊन जा. इथं नुसती जागा अडवतीये."

माझी नात मिनल तेव्हा माझ्याबरोबर होती. मिनलची आई, म्हणजे माझी मुलगी अंजली, तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला आहे, म्हणून सुट्टीत मिनल आमच्याकडे असते. वय वर्षं दहा. त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसीचे डबे दिसतात. चौतीस. तिने मोजले आहेत. तिने अंडं आतून-बाहेरून बघितलं, उजव्या खिडकीला नाक लावलं आणि आपली मागणी एका वाक्यात मांडली.

"आजोबा, यात झोपायचं, आणि सकाळी उठल्यावर खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे. बास."

पाण्याची सोय होती. माझा जुना सहकारी धोंडीबा याचं रान भामा आसखेड धरणाच्या पाण्याला लागून आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "या की! इचारता काय? रान आपलंच हाय." चोवीस मे, शनिवार, हा दिवस ठरला. मिनलची शाळा सोळा जूनला उघडणार होती. म्हणजे हाताशी भरपूर वेळ होता. (भरपूर वेळ असला की काम नीट करावंसं वाटतं. इथूनच बहुतेक कामं बिघडतात, पण ते मला नंतर कळलं.)

घरी हा बेत सांगितला तेव्हा माझी पत्नी कस्तुरा मेथी निवडत होती. मान वर न करता ती एक वाक्य बोलली. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं वहीत लिहिलं जातं. मिनलचं अक्षर सुधारावं म्हणून ते काम मी तिला दिलं आहे. तिने वाक्य पूर्ण लिहून घेतलं. मी तपासलं आणि सांगितलं, "बाळा, हा रकाना समस्येचा आहे. इथे फक्त समस्या लिहायची. 'आत गरम होईल हो' एवढं ठेव, पुढचं खोड."

"सगळं?"

"सगळं. समस्येत बसत नाही ते."

खोडायचं कसं, तेही शिकवलं. खोडताना एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी आपली सही. गिरगटायचं नाही आणि पांढरी शाई तर नावालाही नाही. आमच्या कंपनीत या नियमामुळे माणसाची चूक पंचवीस वर्षं सुखरूप राहायची. मिनलने पट्टी ठेवून रेघ मारली, सही केली. मला भरून आलं.

दुसऱ्याच दिवशी समिती स्थापन झाली. मी अध्यक्ष. जागा आणि फायबर शेखरचं. हिंदुराव आराखड्याला, ते दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेले आणि जीप त्यांचीच. एसीच्या कामाला दापोडीचा धनेश, जो रेल्वेलाइनशेजारच्या आपल्या दुकानात पंचवीस वर्षं एसी दुरुस्त करतो आणि स्वतः टेबलफॅनसमोर बसतो. मिनल चिटणीस. कस्तुराला समितीत घेतलं नाही, कारण ती तक्रारदार होती आणि तक्रारदाराने तटस्थ राहायचं असतं.

पहिल्यांदा मोजमाप. भर दुपारी अंड्यात तापमापक ठेवला. खिडक्या घट्ट बंद केल्या, कारण बाहेरचा वारा आत आला की आकडे बिघडतात. सेहेचाळीस अंश. समस्या सिद्ध झाली. मग तिच्या मुळाशी जायचं म्हणून आम्ही पाच वेळा "का?" विचारलं. ही पद्धत जगभर मानली जाते आणि मिनलच्या वहीत ती अशी उतरली आहे:

आत गरम का होतं? ऊन लागतं म्हणून.
ऊन का लागतं? अंडं उघड्यावर आहे म्हणून.
उघड्यावर का? कॅम्पिंगला जायचंय म्हणून.
कॅम्पिंग उघड्यावर का करतात? (इथे पाव तास गेला. शेवटी हिंदुराव म्हणाले, "तशी पद्धत आहे." नोंद घेतली.)
मग गरम का होतं? एसी नाही म्हणून.

मूळ सापडलं. धनेशने पाऊण टनाचा जुना विंडो एसी आणला. "पाऊण टन म्हणजे साडेसातशे किलो?" मिनलने विचारलं. तो टन वजनाचा नसून एका दिवसात किती बर्फ तयार होईल त्याचा असतो, हे मी तिला सबंध सकाळ घेऊन समजावलं. तिला कळलं. हिंदुरावही म्हणाले की आज कळलं.

आता भिंतीत भोक. एसी उजव्या भिंतीत, खिडकीशेजारी बसवायचा ठरला, कारण डावीकडे पलंग होता आणि त्या बाजूला कस्तुराचे गुडघे येणार होते. गार वाऱ्याने तिचे गुडघे धरतात. हिंदुरावांनी तीन दिवस खपून आराखडा काढला. तुमच्या वहीत चित्र असतं ना, तसला नव्हे; सव्वीस मापं आणि खाली चौघांच्या सह्या असलेला. शेखरने त्यावर बोट ठेवून, मापात एका मिलिमीटरचीही चूक न करता, भोक पाडलं. ते डाव्या भिंतीत पडलं.

"अरे शेखर, उजवीकडे म्हटलं होतं ना!" हिंदुराव ओरडले.

"भाऊ, ड्रॉइंगमध्ये डावीकडं होतं."

"डावीकडे काढलं म्हणजेच उजवी बाजू! एवढं कळत नाही?"

"सरांनी आम्हाला उजवी बाजू उजवीकडंच शिकवलीये."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलांनो, यात कोणाचीच चूक नव्हती. वस्तूची उजवी बाजू काही कंपन्यांत कागदावर डावीकडे काढतात, काहींत उजवीकडे. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. फक्त एका अंड्यात दोन्ही बसत नाहीत.

धनेश बिडी विझवत म्हणाला, "राव, मला वाटायचं आपल्या इथल्या गाड्या माणसं बनवतात. रोबोट बनवतात ते एक बरंय."

मग उजवीकडेही भोक पाडलं. समोरासमोर दोन भोकं झाली आणि इंद्रायणीकडून येणारा वारा एका भोकातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर जाऊ लागला. त्या दुपारी समिती अंड्यात बसली ती उठेचना. शेखरने डबा तिथेच खाल्ला. हिंदुरावांना डुलकी लागली. धनेशने शर्टाची बटणं लावली. मिनलने वहीत लिहिलं, "आत छान वाटते." मी ते तपासून दुरुस्त केलं: "दोन्ही बाजूंनी हवेची गळती आढळली." गळती गंभीर बाब असते. दोन दिवसांत आम्ही डावं भोक फायबरने लिंपून टाकलं आणि उजवीकडच्यात एसी ठोकून बसवला. तोवर चोवीस मे निघून गेला होता.

एसी चाळीस किलोचा होता. बसवल्याबरोबर अंडं उजवीकडे कललं, दमलेल्या बैलासारखं. डावीकडे तेवढंच वजन हवं. धोंडीबा चाकणच्या बाजाराला आला होता, त्याच्याकडून कांद्याची गोणी मागून आणली, बरोबर चाळीस किलो भरली आणि डावीकडे ठेवली. अंडं सरळ झालं. गोणीला जागा हवी म्हणून पलंग काढावा लागला. (पलंग गेल्यावर कस्तुराचे गुडघे आता कुठेच येणार नव्हते, पण भोक पडून गेलं होतं.)

कांद्याचा एक स्वभाव आहे. तो सुकतो. दर आठवड्याला गोणी पाऊण किलोने हलकी होऊ लागली आणि अंडं पुन्हा झुकू लागलं. तेव्हा दर शनिवारी गोणी मोजायची आणि घट कांद्यानेच भरून काढायची, असा तक्ता मी आखला. मोजणी मिनलकडे दिली. अपूर्णांक आपोआप शिकून होतात. सहलीचा शनिवार मात्र मोजणीत जाऊ लागला. एकतीस मे गेला. सात जून गेला.

"आजोबा, आपण जाणार ना?" ती विचारायची.

"जाणार म्हणजे काय! काम ऐंशी टक्के झालंय."

ते पुढे पंचाऐंशी झालं, मग नव्वद, मग पुन्हा ऐंशी, कारण एसीचा गारवा फायबरमधून बाहेर पळतो, हे हिंदुरावांच्या लक्षात आलं. आतून चहूबाजूंनी दोन इंची थर्मोकोल लावला. आणि सगळ्यात जास्त गारवा पळतो तो खिडक्यांतून. तेव्हा खिडक्यांवरही लावला.

त्या दिवशी मिनल शेडच्या दारात उभी राहून बघत होती. शेखरने डाव्या खिडकीवर थर्मोकोल चिकटवला. तो उजवीकडे वळला तेव्हा ती म्हणाली, "शेखरकाका, ती माझी आहे."

शेखर थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं.

"सर, एवढी एक ठेवू का? पोरीचं मन..."

मी मिनलला जवळ घेतलं आणि उष्णता कशी वाहते ते शिकवलं. गरमाकडून गाराकडे, काचेतून किती, फायबरमधून किती. दीड तास लागला. मी रागावत नाही कधी, पुन्हा पुन्हा समजावतो. शेवटी तिने मान हलवली.

"कळलं?"

"कळलं. पण मग पाणी कुठून दिसणार?"

हा प्रश्न समितीपुढे ठेवला. समिती संवेदनशील होती. धोंडीबाकडून धरणाचा फोटो मागवला, मोठा छापला, प्लास्टिकमध्ये बसवला आणि उजव्या खिडकीच्या थर्मोकोलवर अगदी मध्यभागी चिकटवला. मी मिनलला म्हणालो, "बघ, आता तर झोपेतून उठायचीही गरज नाही." ती फोटोकडे बघत राहिली. मग वही उघडून तिने तारीख घातली आणि त्याखाली काहीच लिहिलं नाही. कोरं पान सोडणं नियमात बसत नाही, पण त्या दिवशी मी तिला काही बोललो नाही.

रानात वीज कुठली? म्हणून जनरेटर आला. तो दांड्यावर बसवला तर पुढचा भार वाढत होता, म्हणून आत घेतला. आत घेतला तर धूर कोंडेल, म्हणून धुराची नळी दारातून काढली. नळीमुळे दार लागेना, म्हणून दाराला पडदा. पडद्यातून गारवा जाईल, म्हणून दुसरा पडदा.

शेवटचा शनिवार, चौदा जून. दोन दिवसांनी शाळा. अंतिम चाचणी दुपारी दोनला ठेवली होती आणि यशस्वी झाली की तसंच निघायचं, असं मी मिनलला सांगितलं होतं. चाकणच्या चौकात ट्रक आणि कंपन्यांच्या बस अडकून बसल्या की कॅम्पिंगचा निम्मा काळ तिथेच जाईल, हेही हिशोबात धरलं होतं. ती सकाळी सातलाच तयार होऊन आपली उशी काखेत घेऊन बसली.

अडचण वेगळीच आली. आभाळ आलेलं होतं आणि शेडच्या आवारात सुरेख गार वारा सुटला होता. अंड्यात जेमतेम सव्वीस अंश. एवढ्याशा उष्णतेवर एसीची परीक्षा घेणं म्हणजे पहिलीच्या पेपरावर पदवी देणं. म्हणून दोन हॅलोजनचे दिवे आत लावून आधी अंडं सेहेचाळीसपर्यंत तापवलं आणि मग एसी सुरू केला. चाळीस मिनिटांत एकोणीस अंश! टाळ्या वाजल्या. हिंदुरावांनी डोळे पुसले. (कांद्यांमुळेही असेल, बंद अंड्यात जवळजवळ तीन आठवडे होते ते.)

आता माणसांसह चाचणी. मी आत शिरलो. एसी, गोणी आणि जनरेटर यांच्यामध्ये एका पायावर उभं राहता येत होतं. तापमान तीन अंशांनी वाढलं. मी बाहेर आलो, ते उतरलं. शेखर शिरला, पुन्हा वाढलं. अंड्यातल्या उष्णतेचा मुख्य स्रोत माणूस आहे, हे निर्विवाद सिद्ध झालं. "प्रवासी क्षमता: शून्य" असा शेरा मारून चौघांनी अहवालावर सह्या केल्या. वातावरण फार समाधानाचं होतं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली कस्तुरा खुर्ची टाकून बसली होती. एसीची पाठ नेमकी तिच्याकडे होती आणि आतली सगळी उष्णता तिच्या तोंडावर येत होती. तिने खुर्ची उचलली, चार पावलं बाजूला ठेवली आणि पुन्हा बसली.

तेवढ्यात बाजार उरकून धोंडीबा टेम्पो घेऊन आला. अंड्याभोवती त्याने एक फेरी मारली, पडदे बाजूला करून आत डोकावला.

"सर, लई भारी केलंय. पर माणसं कुठं बसायची?"

"माणसांचा टप्पा पुढचा आहे," मी म्हणालो.

"आन ह्ये कांदं? मोड आल्यात की ह्यास्नी."

यावर कोणी उत्तर द्यायच्या आत मिनल उठली. उशी तशीच काखेत. तिने वही उघडली, पहिलं पान काढलं आणि समितीसमोर उभी राहून वाचायला लागली. शाळेत उभं करतात तसं, मोठ्याने आणि स्वच्छ. तारीख वाचली. हजर असलेल्यांची नावं वाचली. समस्येचा रकाना वाचला आणि रेघेपाशी थांबली नाही. एकाच रेघेने खोडलेलं होतं ते. खालचं सगळं वाचता येत होतं.

"'आत गरम होईल हो, तेवढ्या खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे झालं. आणि पोरीची उशी विसरू नका.' खोडले. सही, मिनल."

 

"आजी," मिनलने विचारलं, "तू परत का नाही बोललीस?"

कस्तुरा म्हणाली, "मला वाटलं, तुझ्या आजोबांना माहीत असेल. शिकवतात ना ते."

मी बरंच काही बोलू शकलो असतो. थर्मोकोल फाडता येईल, फक्त जनरेटर, मग गोणी, मग दार, मग पलंग शोधावा लागेल, फार तर दोन शनिवार. मी मिनलकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही समजावलं नाही.

धोंडीबा आणि शेखरने कांद्याची गोणी टेम्पोत चढवली. अंडं निमूटपणे उजवीकडे कललं. मागोमाग कस्तुरा चढली, मिनल चढली. "सर, तुमी?" धोंडीबाने विचारलं. निरीक्षणासाठी म्हणून मीही चढलो आणि मोड आलेल्या कांद्यांवर बसलो. टेम्पोला मागे छत नव्हतं, खिडकी नव्हती, काहीच नव्हतं. चाकणच्या चौकात पाऊण तास अडकलो, तिथेही गार वाटत होतं. तापमान नोंदवायचं राहून गेलं.

रविवारची नोंद मिनलच्या अक्षरात आहे. "सकाळी ६.१०. पाणी दिसले. खिडकी: नव्हती."

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सोमवारी शाळेला जाण्याआधी तिने वहीचं शेवटचं पान घेतलं, पट्टीने रकाने आखले आणि वर मथळा लिहिला: "खिडकी उघडायचे ज्यांना सुचले नाही ते." खाली नावं. एक, आजोबा. दोन, हिंदुराव आजोबा. तीन, शेखरकाका. (कंसात: "सुचले होते, पण सरांना विचारले.") चार, धनेशकाका. पाचवा आकडा घातला आणि पुढे जागा मोकळी सोडली.

"हा कोणासाठी गं?" मी विचारलं. "तू सोडून समितीत तर चौघंच होतो."

"तुम्ही ही गोष्ट मुलांना सांगणार ना? तुम्ही सगळं सांगता. मग पहिल्यांदा त्यांना अंड्यात बसवणार, भर दुपारी. ते शेवटपर्यंत तसेच बसतील."

"कशावरून?"

मुलांनो, तुम्ही दुपारी दोनपासून त्या अंड्यात बसला आहात. डावीकडे एक खिडकी आहे, उजवीकडे एक आहे, हे मी अगदी सुरुवातीला सांगितलं होतं, आणि अंडं तुमचंच आहे, हेही.

मिनलने पेनाचं टोपण काढलं आणि वही तुमच्यासमोर धरली.